पायाचं हाड वाढलंय? आधी जागा ओळखा, मग चप्पल बदला

कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचणाऱ्या बायका, रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे मजूर, पहाटे पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं, दुकानात दहा-दहा तास उभे राहणारे नोकर. खानदेशात पायाच्या गाठीची तक्रार घेऊन माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारी माणसं बहुतेक यांतलीच असतात. तक्रार एकाच वाक्यात संपते: "आंगठाजोडे हाड वाढी गयं." तोवर बिब्बा लावून झालेला असतो, शेजारणीने सांगितलेलं तेल चोळून झालेलं असतं, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या महिनाभर खाऊन झालेल्या असतात. पायातली चप्पल मात्र तीच असते.

पायावरच्या बहुतेक गाठी ऑपरेशनशिवाय आटोक्यात राहतात. त्यासाठी गाठ नेमकी कुठे आहे आणि कशाने दुखते हे कळलं पाहिजे, कारण अंगठ्याच्या बाजूच्या गाठीचा उपाय टाचेमागच्या गाठीला लागू पडत नाही. आणि ज्यांना मधुमेह आहे किंवा तळव्याची जाणीव कमी झालीय, त्यांनी यातलं काहीही करण्याआधी मधुमेहाचा भाग वाचावा.

पहिली पायरी: पाय नीट पाहा

संध्याकाळी, दिवसभराचं काम झाल्यावर पाहा. पाय धुऊन, पुसून, चांगल्या उजेडात बसा आणि दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्या पायाला त्याच जागी तसाच उंचवटा असेल आणि तो दुखत नसेल, तर ती बहुधा तुमच्या पायाची मूळ ठेवण आहे. पावलाच्या बाहेरच्या कडेला, मधोमध, करंगळीच्या मागच्या हाडाचं बूड सगळ्यांनाच हाताला लागतं. ते सापडल्यावर घाबरून येणारे पुष्कळ असतात. पाय मुरगळल्यानंतर नेमकी तीच जागा सुजली आणि ठणकायला लागली, तर मात्र तिथे फ्रॅक्चर असू शकतं. मग चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

आता गाठ दाबून बघा. हाडासारखी टणक आणि जागची न हलणारी आहे, की रबरासारखी, थोडी सरकणारी? वरची कातडी जाड झालीय का, लाल आहे का? हाताचा पालथा पंजा आधी चांगल्या पायाला आणि मग दुखऱ्या पायाला लावा, गरमपणातला फरक लगेच कळतो. अंगठा हाताने वर उचला. तो मोकळेपणाने जातो की मध्येच अडून कळ येते? शेवटी उभे राहा आणि वरून पावलाकडे बघा. बसल्यावर सरळ दिसणारा अंगठा उभं राहिल्यावर दुसऱ्या बोटाकडे कलतो का, हे वजन पडल्यावरच कळतं.

मोबाइलवर वरून एक फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी तसाच दुसरा काढला की गाठ खरंच वाढतेय का हे आठवणीवर सोडावं लागत नाही.

दुसरी पायरी: जागेवरून ओळख

सगळ्यांत जास्त दिसते ती अंगठ्याच्या बुडाशी, पावलाच्या आतल्या कडेला येणारी गाठ. डॉक्टर तिला हॅलक्स व्हॅल्गस किंवा बुनियन म्हणतात. इथे नवं हाड फारसं उगवलेलं नसतं. अंगठ्यामागचं पावलातलं लांब हाड आतल्या बाजूला सरकतं, अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकतो आणि दोघांमधल्या सांध्याचा कोन बाहेर येतो. कोपर वाकवल्यावर त्याचं टोक कसं बाहेर दिसतं, तसंच हे. म्हणून 'वाढलेलं हाड विरघळवणारं' मलम, तेल किंवा गोळी इथे काहीच करू शकत नाही. विरघळवायला जास्तीचं हाड तिथे जवळपास नसतंच. या कोनावर चप्पल घासत राहिली की कातडीखालची पाण्याची छोटी पिशवी सुजते, लाल होते आणि ठणकते. दुखण्याचा मोठा वाटा त्या पिशवीचा असतो, आणि तो घासणं थांबवलं की उतरतो.

ही ठेवण बरेचदा घराण्यातून येते. आईला, मावशीला, आजीला विचारा, त्यांच्यापैकी कुणाचा तरी अंगठा तिरका निघतोच. पण पादत्राणांचा हातही लहान नाही. हाँगकाँगमधून 1958 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बूट घालणाऱ्या चिनी लोकांपैकी 33 टक्के जणांत ही विकृती आढळली, तर अनवाणी राहणाऱ्यांत 2 टक्क्यांहून कमी. याचा अर्थ उद्यापासून अनवाणी फिरा असा नाही. आपल्याकडे बाभळीचे काटे आहेत, मे महिन्यात पाय भाजणारे रस्ते आहेत. पायाला पुढून दाबणारं काही घालू नका, एवढाच त्याचा अर्थ.

अंगठा कलत गेला की त्रास दुसऱ्या बोटाला सुरू होतो. ते बोट वर उचललं जातं, कधी अंगठ्यावर चढतं, आणि त्याच्या खाली चवड्यावर घट्टा पडतो. दुसऱ्या बोटातली जोडवी अशा वेळी रुतायला लागतात. ती काढणं अनेकींना जड जातं, हे मला माहीत आहे. काढायचीच असा माझा आग्रह नसतो. पातळ, उघड्या कडीची जोडवी घ्या आणि संध्याकाळी पाय सुजलेला असताना ती सहज फिरते का ते बघून सैल करून घ्या. बोट निळसर पडलं किंवा सुन्न झालं तर त्याच क्षणी काढा.

अंगठ्याच्या बुडाच्या त्याच सांध्यावर, पण बाजूला नव्हे, वरच्या अंगाला टणक उंचवटा आला आणि अंगठा वर होईनासा झाला, तर तो वेगळा आजार. सांध्याची झीज झालेली असते आणि कडेला खरोखरच नवं हाड आलेलं असतं. याचं नाव हॅलक्स रिजिडस. निंदायला उकिडवं बसताना, चढावर चालताना, देशी संडासातून उठताना अंगठा पूर्ण मागे मुडपावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच कळ येते. अशा माणसाला अंगठा जोरजोरात वाकवायचे व्यायाम दिले की दुखणं वाढतं. बुनियन समजून भलते व्यायाम केलेले लोक मी पाहते, म्हणून हा फरक ओळखणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

करंगळीच्या बुडाशी, बाहेरच्या कडेला येणारी गाठ म्हणजे शिंप्याची गाठ. जुन्या काळी शिंपी जमिनीवर मांडी घालून शिवायला बसत आणि पावलाची बाहेरची कड जमिनीवर दाबली जाई, त्यावरून तिला हे नाव पडलं. आपल्या घरांत अजूनही भाकरी थापण्यापासून पापड लाटण्यापर्यंत सगळं खाली बसूनच होतं. फरशीवर तासन् तास मांडी घातल्याने घोट्याच्या बाहेरच्या हाडावरही मऊ, फुगलेली गाठ येते. ते हाड नसतं, पाण्याची पिशवी असते. जाड गोधडी किंवा पाट घेऊन बसलं, मांडी अधूनमधून मोडली, तर ती बऱ्याचदा बसते. फोडू मात्र नका. त्यात पू झाला की दुखणं महिनोन् महिने चालतं.

पावलाच्या वरच्या बाजूला, जिथे बुटाची नाडी बांधतो तिथे टणक उंचवटा असेल, तर ती मधल्या सांध्यांची झीज किंवा कमानीच्या उंच ठेवणीमुळे वर आलेलं हाड असतं. उपाय सोपा आहे: उंचवट्यावरच्या दोन छिद्रांतून नाडी ओवूच नका, कडेकडेने वर न्या.

पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या पुढे आणि जरा खाली येणारा उंचवटा बहुतेक वेळा दहा ते चौदा वर्षांच्या मुलांत लक्षात येतो. काहींना जन्मतः तिथे एक जादा छोटं हाड असतं. कित्येकांना ते आयुष्यभर दुखत नाही. सपाट तळव्याच्या मुलाने अचानक धावणं वाढवलं की मात्र दुखायला लागतं. काही आठवडे धावणं कमी करून, कमानीला आधार देणारी गादी बुटात घालून बहुतेकांचं भागतं.

टाचेच्या मागे, जिथे बुटाची मागची कड लागते तिथली गाठ म्हणजे हॅगलंड. स्वीडनच्या पॅट्रिक हॅगलंड यांनी तिचं वर्णन 1928 साली केलं. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांत ही दिसते: 1600 मीटरची वेळ गाठायची म्हणून कडक मागच्या कडेचे स्वस्त बूट, कडक रस्ता आणि पोटऱ्या ताठ. इथे टाचेची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी अॅकिलिसची जाड दोरी, हाडाशी घासते. मागून मऊ बूट, बुटाच्या आत टाचेखाली साधारण एक सेंटिमीटरची गादी, डांबराऐवजी मातीच्या मैदानावर सराव आणि रोज पोटरीचा ताण, हे चार बदल एकदम करा. या शिरेच्या जवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायला पटकन हो म्हणू नका. त्याने शीर तुटण्याचा धोका असतो.

टाचेखालचं 'वाढलेलं हाड' हाताला लागत नाही, एक्स-रेमध्येच दिसतं. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना येणारी कळ त्या हाडाची नसून तळव्याच्या जाड पडद्याची असते. तसं हाड असूनही काही न दुखणारे पुष्कळ लोक आहेत.

जे हाड नाही

कुरूप आणि घट्टा हे कातडीचे. दाबल्यावर मऊ लागणारी, कधी मोठी कधी लहान होणारी, अंधारात मोबाइलची बॅटरी लावली तर उजेड आरपार जाणारी गाठ गँगलियनची, म्हणजे सांध्याजवळच्या घट्ट पाण्याची. दुखत नसेल तर तिला हात लावायची गरज नसते.

अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लालबुंद, गरम झाला आणि त्यावर चादरही सहन होईना, तर तो गाउट असण्याची शक्यता जास्त. रक्तातलं यूरिक अॅसिड वाढून त्याचे खडे सांध्यात साचतात. झटक्याच्या वेळी रक्ताचा रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावू नका. वर्षानुवर्षं उपचार न घेतलेल्या गाउटमध्ये खडूसारख्या पांढऱ्या गाठीही होतात. यावर चांगली औषधं आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली बराच काळ घ्यावी लागतात.

आता शेतात अनवाणी राबणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. कधीकाळी काटा मोडलेल्या जागी हळूहळू टणक सूज वाढत गेली, फारशी दुखली नाही, आणि मग तिला बारीक छिद्रं पडून त्यांतून पाणी व रव्यासारखे काळे, पांढरे किंवा पिवळसर दाणे यायला लागले, तर तो मदुरा फूट असू शकतो. मातीतल्या बुरशीमुळे किंवा जिवाणूंमुळे हा होतो. दुखत नाही म्हणून माणसं वर्षं काढतात आणि तोवर रोग हाडापर्यंत गेलेला असतो. दाणा किंवा तुकडा तपासून नेमकं कारण कळतं, आणि त्याप्रमाणे काही महिने औषध चालतं. लवकर गेलात तर पाय वाचतो.

याखेरीज थेट दवाखान्यात जायची कारणं: काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी गाठ, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, मुलाच्या एकाच पायात वाढत जाणारं टणक हाड, ताप, आणि कातडीला पडलेली जखम.

मधुमेह असेल तर

मधुमेहात पायाच्या नसा मंदावतात. गाठीवर चप्पल घासते, फोड येतो, फुटतो, आणि माणसाला पत्ता नसतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "फरशीवर रक्त कुणाचं?" तेव्हा कळतं. अशा पायाला हाडाचा उंचवटा म्हणजे जखमेची ठरलेली जागा, म्हणून इथले नियम कडक आहेत.

रोज रात्री तळवे आरशात बघा किंवा घरच्यांना बघायला सांगा. कुरुपाच्या पट्ट्या लावू नका, त्यांत कातडी खाणारं अॅसिड असतं. ब्लेडने घट्टा तासू नका. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. घरातसुद्धा अनवाणी चालू नका. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांत मधुमेही असतातच. श्रद्धेपुढे मी हात जोडते, पण सुन्न पायाने तापलेल्या रस्त्यावर अनवाणी चालू नका असं कळकळीने सांगते. भाजलेलं कळणार नाही आणि ती जखम पावलावर बेतू शकते. देवीला पादत्राणं घालून गेलेला भक्त चालतो.

वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची जाणीव तपासून घ्या. 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ही तपासणी दोन मिनिटांत होते. जाणीव कमी असेल तर एमसीआर चप्पल वापरा, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराची. कुष्ठरोगाने तळवे बधिर झालेल्यांना हीच चप्पल सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते.

आणि मधुमेहाच्या पायाचा मधला भाग अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, पण दुखणं त्या मानाने कमी असलं, तर त्याला मुरगळणं समजू नका. हाडं आतल्या आत मोडून ढासळत असतात, त्याला शार्को फूट म्हणतात. त्याच दिवशी पायावर वजन देणं थांबवा आणि दवाखाना गाठा. वेळेवर प्लास्टर झालं नाही तर तळव्याची कमान उलटी होते आणि तिथे कायमचा उंचवटा राहतो.

तिसरी पायरी: चप्पल

बाकी सगळ्या उपायांच्या आधी हा. जुनी चप्पल हातात घ्या आणि उलटसुलट करून बघा. बुनियन असलेल्या पायाच्या चपलेचा आतला पट्टा अंगठ्याच्या बुडाशी फुगून पातळ झालेला असतो, तिथला धागा उसवलेला असतो, आणि तळावर दुसऱ्या-तिसऱ्या बोटाखाली खोल खळगा पडलेला असतो. वजन अंगठ्यावरून सरकून मधल्या बोटांवर आलंय, हे ती चप्पलच सांगते. पेशंटला मी नेहमी जुनी चप्पल घेऊन यायला सांगते, नवी घालून आलात तर मला अर्धंच कळतं.

मग कागदावर माप घ्या. जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरा, त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा. दोन्ही पावलांची रेघ काढा, कारण एक पाऊल बहुधा मोठं असतं. आता आपली चप्पल किंवा बूट त्या आकृतीवर ठेवा. पावलाची रेघ चपलेच्या बाहेर दिसत असेल तर कुठल्याही मलमाने फरक पडणार नाही. हाच कागद कापून खिशात ठेवा आणि दुकानात जा.

खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. मोठ्या पायाच्या मापाने घ्या. सगळ्यांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. पुढचा भाग गोल किंवा चौकोनी असावा, टोकदार नको. टाच चार सेंटिमीटरपेक्षा उंच नको. तळ मधून मुडपत नसावा, चवड्याजवळ मुडपावा. अंगठ्याच्या वरच्या अंगाला गाठ असलेल्यांचं उलट: त्यांना चवड्याजवळ न मुडपणारा, पुढून किंचित वर उचललेला कडक तळ लागतो, म्हणजे सांधा न वाकवता पाऊल पुढे पडतं. "वापरून वापरून सैल होईल" हे दुकानदाराचं वाक्य ऐकू नका. दुकानात दुखणारी चप्पल घरी घेऊन येऊ नका.

अंगठ्याची चप्पल आपल्याकडे सर्रास. ज्यांचा अंगठा तिरका झालाय त्यांना तो गोल पट्टा दोन्ही बाजूंनी काचतो आणि चप्पल निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात. त्याऐवजी रुंद, मऊ, वेल्क्रोने सैल-घट्ट होणारे पट्टे आणि टाचेमागे पट्टा असलेली सँडल घ्या. नवी घेणं परवडत नसेल तर चप्पल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जा. अंगठा काढून रुंद पट्टा लावणं, पट्ट्याची शिवण गाठीवरून बाजूला सरकवणं, चामड्याचा बूट फर्म्यावर चढवून गाठीच्या जागी ताणणं, ही कामं तो थोड्या पैशांत करून देतो. मला हा उपाय दवाखान्यातल्या अर्ध्या उपकरणांपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

शेतात पाणी भरताना घालायचे रबरी बूट एक माप मोठे घ्या आणि आत सुती मोजे घाला. शाळेचे काळे बूट दर चार महिन्यांनी तपासा. मूल बोलत नाही, बोटं आत मुडपून चालत राहतं. लग्नातली टोकदार मोजडी एका दिवसापुरती, आणि वरातीत नाचताना तीही नको.

चौथी पायरी: घरचे उपाय

गाठीवर पॅड लावायचं असेल तर ते गाठीच्या वर चिकटवू नका, दाब आणखी वाढतो. फेल्ट किंवा चपलेच्या फोमचा तुकडा घ्या, मध्ये गाठीएवढं भोक कापा आणि गाठ त्या भोकात येईल असा लावा.

अंगठा आणि दुसऱ्या बोटामध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा मेडिकलमध्ये मिळतो. अंगठा हाताने सरळ होत असेल तरच तो उपयोगाचा. घरचा कापूस गॉजमध्ये गुंडाळूनही चालतो, पण पावसाळ्यात तो ओला राहिला की चिखल्या होतात, म्हणून दिवसातून दोनदा बदला. रात्री बांधायच्या पट्ट्यांनी हाड कायमचं सरळ झाल्याचं मी पाहिलेलं नाही. थोडा आराम वाटत असेल तर वापरा, पण त्यांच्या जाहिरातीतले आधी-नंतरचे फोटो खरे मानू नका.

व्यायामानेही हाड जागेवर येत नाही. दुखणं कमी होतं आणि चाल सुधारते, आणि त्यासाठी तो करायचा. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीला टेकवा. बोटं न मुडपता, टाच आणि चवडा जागेवर ठेवून फक्त कमान आखडून उचला, पाच आकडे धरा, सोडा, असं दहा वेळा. मग पाचही बोटं एकमेकांपासून फाकवा, दहा वेळा. सुरुवातीला काहीच हलत नाही. हाताने मदत करा, आठ-दहा दिवसांत मेंदूला वाट सापडते. दोन्ही अंगठ्यांभोवती एक रुंद रबर अडकवून, टाचा जोडून, चवडे एकमेकांपासून हळूच दूर न्या. शेवटी भिंतीला हात टेकवून एक पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीवर, आणि पोटरीला तीस आकडे ताण, दोन्ही पायांना तीन-तीनदा. पोटरी ताठ असली की चवड्यावर जास्त वजन येतं, त्यामुळे हा व्यायाम जवळपास सगळ्या गाठींना उपयोगी आहे.

ठणका असताना कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचं जेल वरून लावता येतं. याच औषधाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने खाऊ नका. ब्लड प्रेशर, किडनीचा त्रास किंवा पित्त असलेल्यांना त्या बाधतात, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात घामाने अंगातलं पाणी आटलेलं असताना किडनीवर त्यांचा भार आणखी वाढतो. पुडीत बांधून दिलेल्या, नाव नसलेल्या 'हाडाच्या' गोळ्यांत स्टेरॉइड असू शकतं. त्या घेऊच नका.

बिब्बा, रुईचा चीक, डाग देणं, जोरात चोळून हाड 'बसवणं' यांतलं काहीही नको. बिब्ब्याने कातडी भाजते, आणि गाठीवरची कातडी आधीच पातळ झालेली असते. तिथली जखम भरायला फार वेळ लागतो.

पाचवी पायरी: डॉक्टरांकडे कधी आणि काय विचारायचं

चप्पल बदलून, व्यायाम करून तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा साध्या रुंद चपलेतही रोजचं चालणं अवघड झालं, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा विभाग आहे.

एक्स-रे उभं राहून, पायावर वजन देऊन काढायला सांगा. झोपून काढलेल्या फोटोत बुनियनचा कोन खऱ्यापेक्षा कमी दिसतो. अंगठ्याचा कल 15 अंशांपर्यंत आणि पहिल्या दोन लांब हाडांमधला कोन 9 अंशांपर्यंत सर्वसाधारण धरतात. कल 40 अंशांच्या पुढे गेला की विकृती तीव्र. पण अंश आणि दुखणं बरोबरीने चालत नाहीत. 35 अंशांचा अंगठा घेऊन आरामात शेत करणारी बाई असते आणि 18 अंशांवर रडकुंडीला आलेलीही असते.

ऑपरेशन दुखण्यासाठी करायचं, दिसण्यासाठी नाही. लग्न ठरलंय म्हणून मुलीच्या न दुखणाऱ्या पायाचं ऑपरेशन करून घ्यायला येणाऱ्या आईवडिलांना मी स्पष्ट नको म्हणते. बुनियनमध्ये नुसता उंचवटा तासून भागत नाही. सरकलेलं लांब हाड कापून, जागेवर आणून स्क्रूने बसवावं लागतं. नुसतं तासलं तर अंगठा पुन्हा कलतो. म्हणून सर्जनना विचारा: हाड सरळ करणार की फक्त तासणार? पुन्हा होण्याची शक्यता किती? दुसऱ्या बोटाखालचं दुखणं जाईल का? अंगठा ताठ किंवा सुन्न राहू शकतो का? झिजलेल्या ताठ सांध्यात मात्र वरचं हाड तासण्याचा उपयोग होतो, आणि झीज फार असेल तर सांधा कायमचा जोडून टाकतात. सांधा जोडला की उकिडवं बसणं अवघड जातं, हे शेतात काम करणाऱ्या बाईने आधीच समजून घ्यावं.

तंबाखू, विडी, गुटखा निदान महिनाभर आधी बंद करा. निकोटिनने हाड उशिरा जुळतं आणि जखम चिघळते. साखर आटोक्यात आणा. तुमचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. सहा आठवडे टाचेवर वजन घेणारा खास बूट घालून थोडंथोडं चालायचं, बाकी वेळ पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. नेहमीच्या सैल बुटात यायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात, आणि संध्याकाळची सूज सहा महिने, कधी त्याहून जास्त राहते. डाव्या पायाचं ऑपरेशन असेल तर मोटारसायकलचा गिअर त्याच पायाने टाकायचा असतो, त्यामुळे दीड-दोन महिने गाडी दुसऱ्याने चालवावी लागेल. शेतकरी कुटुंबाने तारीख वेचणी संपल्यावर, फेब्रुवारीत घ्यावी. पेरणीपर्यंत जखम पक्की भरलेली असते आणि ताजे टाके काळ्या मातीच्या चिखलात जात नाहीत. पहिल्या पावसात शेतात उतरताना रबरी बूट जुन्या मापाचे घालू नका. पाय अजून सुजलेला असतो, नवं माप कागदावर पुन्हा काढा.